मालमत्तेचा वकील कसा घडतो? सनद, उमेदवारी आणि सर्च रिपोर्ट

घर, फ्लॅट किंवा जमीन घेणे हा बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा खर्च असतो. या व्यवहारात ‘टायटल क्लिअर आहे’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असते. विकणारा ते सांगतो, एजंट सांगतो, बिल्डरच्या माहितीपत्रकातही ते छापलेले असते. पण कागदपत्रे तपासून तसे लेखी देण्याचे आणि त्याखाली सही करण्याचे काम मालमत्तेच्या वकिलाचे असते.

असे असूनही खरेदीदार या वकिलाची चौकशी क्वचितच करतो. फी किती आणि रिपोर्ट कधी मिळेल, एवढेच विचारले जाते. भारतात मालमत्तेच्या वकिलासाठी वेगळी पदवी, वेगळी सरकारी परीक्षा किंवा वेगळा परवाना नाही. फौजदारी खटले चालवणारा वकील आणि जमिनीचे टायटल तपासणारा वकील, दोघांकडे सनद एकच असते. खरा फरक पडतो तो सनद मिळाल्यानंतरच्या वर्षांत कोणी कोणते काम केले यामुळे. ही पार्श्वभूमी कशी तयार होते आणि सामान्य माणसाला ती कशी तपासता येते, याची ही माहिती.

वकिलाच्या मताला एवढे महत्त्व का?

दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदले गेले म्हणजे सरकारने मालकी तपासून दिली, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे नोंदणी होते ती दस्ताची. दस्त कोणी करून दिला, त्याची ओळख पटली का, मुद्रांक शुल्क भरले का, हे तिथे पाहिले जाते. विकणारा खरोखर मालक आहे का, याचा निवाडा दुय्यम निबंधक करत नाही. तमिळनाडूच्या एका नियमाबाबत निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. विक्रेत्याची मालकी तपासण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाही.

सातबाराचेही तसेच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद खरी मानली जाते, पण ती खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंतच. फेरफार नोंद ही महसुलाच्या वसुलीसाठी असते, तिच्यामुळे मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे.

म्हणजे मालकी हा एका कागदावर वाचून संपणारा विषय नाही. जुने दस्त, फेरफार, वारसनोंदी, न्यायालयांचे हुकूम आणि सरकारी परवानग्या यांची साखळी जुळवून निष्कर्ष काढावा लागतो. साखळीतील एक कडी चुकीची वाचली गेली, तर त्याची किंमत खरेदीदार मोजतो.

वकील, सॉलिसिटर आणि ॲटर्नी

‘रिअल इस्टेट ॲटर्नी’ हा शब्द अमेरिकेतील आहे. तिथे कायद्याची पदवी आणि त्या त्या राज्याची बार परीक्षा झाल्यावर वकिली करता येते. टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत त्यापुढे जाऊन स्थावर मालमत्तेच्या कायद्यातील तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र मिळवण्याची सोय आहे. भारतात अशी सोय नाही.

मुंबईत मात्र ‘ॲटर्नी’ हा शब्द जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पूर्वी दोन प्रकारचे व्यावसायिक होते. ॲटर्नी किंवा सॉलिसिटर पक्षकाराला भेटून कागदपत्रे तयार करत आणि बॅरिस्टर किंवा ॲडव्होकेट न्यायालयात उभे राहत. अधिवक्ता अधिनियमात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि ॲटर्नी हा वेगळा वर्ग कायद्यातून गेला. तरीही बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा आजही घेते. त्यासाठी एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. मालमत्ता हस्तांतरणाचे दस्त तयार करणे, ज्याला ‘कन्व्हेयन्सिंग’ म्हणतात, हा या घडणीचा महत्त्वाचा भाग असतो. त्यामुळे मुंबईच्या मालमत्ता क्षेत्रात ‘सॉलिसिटर’ या ओळखीला आजही वजन आहे. मात्र ती जादा पात्रता आहे. वकिली करण्याचा हक्क सनदेमुळेच मिळतो.

जुन्या शब्दाची खूण सरकारी नमुन्यांतही उरली आहे. महाराष्ट्रातील रेरा नियमांसोबत दिलेल्या करारनाम्याच्या नमुन्यात, बिल्डरच्या ‘ॲटर्नी ॲट लॉ किंवा ॲडव्होकेट’ने दिलेले टायटल प्रमाणपत्र सोबत जोडावे, असा उल्लेख आढळतो.

इथे आणखी एक गोंधळ टाळायला हवा. ‘पॉवर ऑफ ॲटर्नी’ म्हणजे कुलमुखत्यारपत्र. ते कोणाच्याही नावे करता येते. मुखत्यार असलेली व्यक्ती वकील असतेच असे नाही.

पदवी आणि सनद

मालमत्तेचा वकील होण्याची सुरुवात इतर वकिलांसारखीच असते. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, असे दोन मार्ग आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक विधी महाविद्यालयांत प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ‘क्लॅट’मधून प्रवेश मिळतो.

पदवीनंतर अधिवक्ता अधिनियम १९६१ प्रमाणे राज्याच्या वकील परिषदेत नाव नोंदवावे लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच परिषद आहे, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. या नोंदणीचे प्रमाणपत्र म्हणजेच सनद. त्यानंतर अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा पहिल्यांदा २०११ मध्ये झाली. ती घेण्याचा भारतीय वकील परिषदेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये मान्य केला.

सर्च रिपोर्ट आणि दस्त तयार करणाऱ्या अनेक वकिलांना न्यायालयात उभे राहण्याची वेळ फारशी येत नाही. मग त्यांना सनद कशाला लागते? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी विधी संस्थांबाबतच्या निकालात दिले. वकिली म्हणजे केवळ न्यायालयातील काम नव्हे. कायदेशीर सल्ला, मत देणे आणि दस्तांचे मसुदे करणे हाही वकिलीचाच भाग आहे. नोंदणी कार्यालयाबाहेर अर्ज भरून देणारा, दस्त टाइप करणारा किंवा नोंदणीची वेळ घेऊन देणारा माणूस कामाचा असेल, पण त्याचे ‘काही प्रॉब्लेम नाही’ हे मत म्हणजे कायदेशीर मत नव्हे.

महाविद्यालयात काय शिकवतात, काय नाही?

विधी अभ्यासक्रमात मालमत्तेशी संबंधित बराच भाग असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, करार कायदा, कौटुंबिक कायदा, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि मुदतीचा कायदा हे विषय सगळ्यांनाच शिकावे लागतात. मसुदालेखन आणि कन्व्हेयन्सिंगचा प्रात्यक्षिक पेपर असतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते.

यातून पाया तयार होतो. साठेखत आणि खरेदीखत यांतील फरक विद्यार्थ्याला कळतो. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. कलम ५४ प्रमाणे त्यातून मालकी मिळत नाही. केवळ कुलमुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर केलेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केले, हेही त्याला माहीत असते.

पण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात खोडलेल्या नावाचा अर्थ काय, १९५० च्या दशकातील फेरफार कोणत्या कायद्याखाली झाला, गट नंबर पडण्याआधी या जमिनीचा सर्व्हे नंबर कोणता होता, हे वर्गात शिकून होत नाही. त्यासाठी उमेदवारी करावी लागते.

ज्युनिअरशिप : तलाठी, भूमी अभिलेख आणि दुय्यम निबंधक

मालमत्तेचे काम करणाऱ्या ज्येष्ठ वकिलाच्या ऑफिसात ज्युनिअरला पहिले काम मिळते ते बहुधा सर्चचे. सर्च म्हणजे नोंदणी कार्यालयातील सूची वर्षानुवर्षे मागे जाऊन वाचणे. त्यात ‘सूची क्रमांक २’ म्हणजे इंडेक्स टू सर्वांत महत्त्वाची. मालमत्तेचे वर्णन, पक्षकार, मोबदला आणि दस्ताचा क्रमांक तिच्यात असतो.

सर्च साधारणपणे ३० वर्षांचा घेतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. मुदत अधिनियम १९६३ प्रमाणे मालकीच्या आधारे ताबा मागण्याचा दावा १२ वर्षांत करावा लागतो, पण गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला आणि सरकारच्या दाव्याला ३० वर्षांपर्यंत मुदत आहे. शिवाय योग्य ठिकाणाहून आलेल्या ३० वर्षांच्या जुन्या दस्ताबाबत तो खरा आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील ही तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. गुंतागुंतीच्या जमिनीत जाणकार वकील ३० वर्षांवर थांबत नाही. मालकीचे मूळ सापडेपर्यंत तो मागे जातो.

सर्च करताना शिकण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे सूचीत काय दिसत नाही हे ओळखणे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे ते सूचीत नसू शकते. वारसाहक्क मृत्यूच्या क्षणी मिळतो, त्यासाठी दस्त लागत नाही. न्यायालयात चालू असलेला दावा तिथे दिसेलच असे नाही. मूळ दस्त बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना नोंदवण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१३ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीची अशी गहाणे सूचीतून सुटू शकतात. म्हणून मूळ कागद प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरला जातो. मूळ खरेदीखत ‘गावी आहे’ किंवा ‘सापडत नाही’ असे उत्तर आले, की अनुभवी वकील तिथेच सावध होतो.

कार्यालयांची संख्या हाही अडचणीचा भाग आहे. पुण्यासारख्या शहरात हवेली क्रमांक १, २, ३ अशी अनेक दुय्यम निबंधक कार्यालये आहेत. एकाच मिळकतीचे वेगवेगळे दस्त वेगवेगळ्या कार्यालयांत नोंदलेले असू शकतात. ऑनलाइन सर्चमुळे काम सोपे झाले असले, तरी जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या आहेत. काही पाने फाटलेली असतात, काही वर्षांच्या सूची उपलब्ध नसतात. चांगल्या सर्च रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहिलेले असते. कोणत्या वर्षांची नोंद पाहता आली नाही, हे सांगणारा रिपोर्ट सगळेच ठीक आहे असे सांगणाऱ्या रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगाचा असतो.

नोंदणी कार्यालयानंतर महसूल कागद येतात. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि बारा ही पिकांची नोंदवही, दोन्ही मिळून सातबारा. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. आठ-अ मध्ये खातेदाराच्या नावावरील जमीन एकत्र दिसते. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका पाहावी लागते. कागदावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुळते का, यासाठी मोजणीचा नकाशा लागतो. हे सगळे कागद समोर ठेवून एकमेकांशी ताडून पाहण्याची सवय उमेदवारीच्या काळातच लागते.

सनद एक, पण प्रदेश वेगळे

महाराष्ट्रातील जमिनीचा कायदा सगळीकडे सारखा नाही. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाला १९४८ चा कूळकायदा लागू आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तिथे हैदराबादचा १९५० चा कायदा आहे. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा आहे. पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ महत्त्वाचा. त्या दिवशी अनेक कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. अशा जमिनीत कुळाला दिलेले प्रमाणपत्र, त्यावरील अटी आणि कलम ४३ चे निर्बंध पाहावे लागतात.

कोकणात खोतीचा इतिहास आहे, तर ठिकठिकाणी इनाम आणि वतनाच्या जमिनी आहेत. अशा अनेक जमिनी ‘भोगवटादार वर्ग दोन’ म्हणून नोंदलेल्या असतात आणि त्या विकण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला देण्यावर जमीन महसूल अधिनियमात कडक निर्बंध आहेत. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. जुने कागद कधी मोडीत, तर मराठवाड्यात उर्दूत असतात. ते स्वतःला वाचता येत नसतील, तर जाणकाराकडून वाचून घेणे हा वकिलाच्या कामाचाच भाग आहे.

गोव्यात तर पायाच वेगळा आहे. तिथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा चालत आली आहे. विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक मानली जाते. त्यामुळे कागदावर एकाचेच नाव असले, तरी विक्रीला दोघांची संमती लागते. वारसांमधील वाटणीसाठी ‘इन्व्हेंटरी’ची कार्यवाही असते आणि सातबाऱ्याऐवजी ‘फॉर्म १ आणि १४’ पाहिला जातो. मुंबई-पुण्याचा उत्तम वकील गोव्यातील घराच्या कागदांवर स्थानिक वकिलाची मदत घेतो, यात कमीपणा नाही. तशी मदत न घेणे हीच काळजीची गोष्ट आहे.

कौटुंबिक कायद्याची जाण

मालमत्तेचे कित्येक वाद मुळात घरातले असतात. म्हणून या वकिलाला वारसाहक्काचा कायदा नीट यावा लागतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ मध्ये २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या आणि विक्री यांना कायद्यातच संरक्षण आहे.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे असली, तरी बहिणी आहेत का, त्यांनी हक्कसोडपत्र करून दिले आहे का आणि ते नोंदलेले आहे का, हे विचारावे लागते. ‘बहिणींचा काही प्रश्न नाही’ हे तोंडी उत्तर चालत नाही. वंशावळ मागणारा वकील कटकटी वाटतो, पण तो आपले काम करत असतो. विकणारे कुटुंब मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी असेल, तर वारसांची यादी आणि हिस्से वेगळ्या नियमांनी ठरतात.

फ्लॅटचा व्यवहार : वेगळे कौशल्य

शहरात बहुसंख्य लोक जमीन नव्हे, फ्लॅट घेतात. इथे महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियम १९६३, म्हणजे मोफा, आणि २०१६ चा रेरा कायदा दोन्ही माहीत असावे लागतात. रेरा कायद्याप्रमाणे करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती पाहता येते. पण ती वाचून जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातील विकसन करार, कर्जाचा बोजा आणि मंजूर नकाशे यांचा मेळ लावणे हे वकिलाचे काम आहे.

रेराच्या कलम १८ मध्ये खरेदीदाराच्या फायद्याची एक तरतूद आहे. जमिनीच्या मालकीतील दोषामुळे खरेदीदाराचे नुकसान झाले, तर बिल्डरने भरपाई द्यायची आणि या मागणीला मुदतीची आडकाठी येत नाही. ही तरतूद पक्षकाराला सांगणे, आणि करारनाम्यातून ती कमकुवत करणारे कलम घुसवले असल्यास दाखवून देणे, हे मालमत्तेच्या वकिलाकडून अपेक्षित असते.

जुन्या सोसायट्यांमध्ये प्रश्न अभिहस्तांतरणाचा असतो. इमारतीखालची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल, तर २००८ च्या दुरुस्तीप्रमाणे सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते. पुनर्विकासाच्या काळात हे काम करणाऱ्या वकिलांना मागणी वाढली आहे.

वकील नेमका कोणाचा?

एकाच व्यवहारात तीन वकील असू शकतात. बिल्डरचा वकील टायटल प्रमाणपत्र देतो. बँकेच्या पॅनेलवरील वकील कर्जासाठी रिपोर्ट देतो. तिसरा खरेदीदाराने स्वतः नेमलेला. पहिले दोघे प्रामाणिक असले, तरी त्यांचा पक्षकार खरेदीदार नसतो. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे टायटल पक्के, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. कर्ज वसूल होईल का, हे बँक पाहते. घर गेले तरी हप्ते मागण्याचा तिचा हक्क उरतोच.

भारतीय वकील परिषदेचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. एखाद्या बाबीत एका पक्षाचे काम केलेल्या वकिलाला त्याच बाबीत विरुद्ध पक्षाचे काम करता येत नाही. स्वतःचा आर्थिक हितसंबंध असलेल्या प्रकरणात त्याने काम करू नये. त्याला स्वतः दुसरा धंदा करता येत नाही, त्यामुळे वकिली आणि जमिनीची दलाली एकत्र चालवणे बसत नाही. जाहिरातीवरही बंदी आहे. संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा आहे.

रिपोर्ट चुकला तर?

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बँकेच्या पॅनेलवरील एका वकिलाचे प्रकरण आले होते. गृहकर्जाच्या फसवणुकीत त्याच्या टायटल रिपोर्टमुळे त्यालाही आरोपी करण्यात आले होते. न्यायालयाने त्याच्याविरुद्धची फौजदारी कारवाई रद्द केली. कटात सहभागाचा पुरावा नसेल, तर केवळ मत चुकले म्हणून वकील गुन्हेगार ठरत नाही. निष्काळजीपणाबद्दल मात्र तो जबाबदार असू शकतो, असेही न्यायालयाने नमूद केले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय दिला.

म्हणजे रिपोर्ट चुकल्यास ग्राहक आयोगाचा सोपा मार्ग बंद आहे. गैरवर्तनाबद्दल वकील परिषदेकडे तक्रार करता येते आणि नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा करता येतो. दोन्ही मार्ग वेळ घेणारे आहेत. त्यामुळे वकिलाची पारख व्यवहारापूर्वीच केलेली बरी.

पार्श्वभूमी कशी तपासावी?

यासाठी कायद्याचे ज्ञान लागत नाही, थोडे प्रश्न पुरतात.

सनद क्रमांक विचारावा. त्यात साधारणपणे नोंदणीचे वर्ष असते, त्यावरून सनद किती जुनी आहे हे कळते. मात्र सनद २० वर्षांची म्हणजे मालमत्तेच्या कामाचा अनुभवही २० वर्षांचा, असे नाही. म्हणून त्यापैकी किती वर्षे हे काम केले आणि उमेदवारी कोणत्या प्रकारच्या ऑफिसात झाली, हे वेगळे विचारावे.

मालमत्ता ज्या तालुक्यात आहे, तिथले काम त्याने केले आहे का, हे विचारावे. गावाकडील शेतजमिनीसाठी शहरात फक्त फ्लॅटचे करारनामे करणारा वकील पुरेसा ठरेलच असे नाही. तसेच उलटही.

या व्यवहारात तो बिल्डर, विक्रेता किंवा बँकेचे काम करतो का, हे सरळ विचारावे. फी ठरावीक आहे की व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून आहे, हेही पाहावे. व्यवहार झाला तरच पैसे मिळणार असतील, तर ‘घेऊ नका’ असे सांगणे त्याला जड जाईल.

सर्च कोण घेणार, किती वर्षांचा घेणार, कोणत्या कार्यालयांत घेणार, मूळ कागद पाहणार का आणि हरकती मागवणारी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात देणार का, हे आधी ठरवून घ्यावे. सर्च ज्युनिअर किंवा सर्च क्लार्कने घेतला तरी हरकत नाही, पण रिपोर्टवर सही करणाऱ्याने तो स्वतः तपासलेला असला पाहिजे.

शेवटी रिपोर्ट हातात आल्यावर फक्त शेवटचा परिच्छेद वाचून थांबू नये. तपासलेल्या कागदांची यादी, न मिळालेल्या नोंदी आणि घातलेल्या अटी वाचाव्यात. ‘अमुक परवानगी मिळाल्यास टायटल निर्वेध’ असे लिहिले असेल, तर ती परवानगी मिळेपर्यंत टायटल निर्वेध नाही, असाच त्याचा अर्थ होतो. विसाराची रक्कम देण्यापूर्वी हे वाचले, तर मागे फिरता येते. रक्कम दिल्यावर तोच रिपोर्ट बहुधा दाव्याच्या फाइलला जोडण्यापुरता उरतो.